तेरवीच्या पत्रिकेतलं 'वीरचक्र'

वीरचक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी असतं, त्याच्या वर महावीर आणि परमवीर, हे आपल्या गावातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ते उगाळत नाही. पण एकाहत्तरची लढाई लढलेले कोणी बाबाजी गेले की तेरवीच्या पत्रिकेवर, चौकातल्या बॅनरवर 'वीरचक्रप्राप्त' छापून येतं. घरच्यांनी पेटीतून काढलेलं पदक असतं 'पूर्वी स्टार' (पूर्वेकडच्या आघाडीवरच्या सेवेचं), नाहीतर 'पश्चिमी स्टार' (पश्चिमेकडच्या).

वीरचक्र गोल, चांदीचं; पाच टोकांचा तारा त्यावर उठावात असतो. स्टार मुळातच ताऱ्याच्या आकाराचे. मोबाइलच्या फोटोत दोन्हीकडे तारा दिसतो आणि डीटीपीवाला मोठं नाव टाकून मोकळा होतो. अरे, वीरचक्राची फीत निम्मी गडद निळी, निम्मी केशरी, आणि मागे चक्क 'वीर चक्र' लिहिलेलं असतं. उलटं करून पाहायला काय जातं?

खरी गोम मात्र वेगळीच. स्टार मिळतो त्या आघाडीवर सेवेत होते म्हणून. त्यात लढणाऱ्यासोबत ड्रायव्हर, स्वयंपाकीही आले. वीरचक्र एका माणसाला, एका ठरावीक कामगिरीसाठी, आणि त्याची घोषणा राजपत्रात नावानिशी होते. आपल्या कामठीला लष्कराच्या ज्या गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यांच्या 14 व्या पलटणीचे लान्स नायक अल्बर्ट एक्का 1971 मध्ये आताच्या बांगलादेशातल्या गंगासागरला लढताना शहीद झाले. परमवीर चक्र मिळालं ते त्यांना, अख्ख्या पलटणीला नव्हे.

छातीवरची पदकं मोजूनही काही कळत नाही. स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, दीर्घ सेवेचं, अशी चार-पाच सहज होतात. शौर्याचं त्यात एकही नसतं. शौर्यचक्र शत्रूशी थेट लढाई नसतानाच्या शौर्याचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. सेना मेडल तेवढं फसवं: ते शौर्यासाठीही देतात, उल्लेखनीय सेवेसाठीही.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. न मिळालेल्या चक्राला पत्रिकेत अर्धं पान, आणि पेन्शनीवर आल्यावर बाबाजींनी काढलेलं कृषी केंद्र, नापिकीच्या सालीही दिलेली कपाशीच्या बियाण्याची उधारी, नातींच्या शिक्षणासाठी विकलेला वावराचा तुकडा, यांना एक ओळही नाही.

छापायला टाकण्याआधी डिस्चार्ज बुक काढा, त्यात पदकांची नोंद असते. सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि पूर्वी स्टार निघाला तर 'पूर्वी स्टार, 1971' असंच छापा, ठळक अक्षरात.