हिरॉईन किती बोलली?

प्लाझाचा रात्रीचा शो सुटला आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पोचेपर्यंत माझ्या भाचरांचं चांगलंच जुंपलं होतं. सईचं म्हणणं, एवढा गाजलेला सिनेमा, पण हिरॉईनला त्यात कामच नाही. ओंकारला ते अजिबात पटेना. "अगं, अर्धे डायलॉग तिचेच होते! मावशी, तूच सांग." मी काय सांगणार? मलाही ती भरपूर बोलल्यासारखीच वाटली होती.

काही महिन्यांनी तोच सिनेमा घरी बघताना सईने मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. हिरॉईन बोलायला लागली की सुरू, थांबली की बंद. शेवटी जो वेळ भरला, तो निम्म्याच्या जवळपासही नव्हता. ओंकार खोटं बोलत नव्हता, मीही नव्हते. आमच्या कानांनीच आम्हाला फसवलं होतं.

कान असे फसतात, हे ॲन कटलर आणि डोनिया स्कॉट या दोन संशोधिकांनी १९९० साली दाखवून दिलं. त्यांनी दोन पात्रांचे संवाद ध्वनिमुद्रित केले: कधी दोन्ही आवाज पुरुषांचे, कधी दोन्ही बायकांचे, कधी एक पुरुषाचा आणि एक बाईचा. मग ऐकणाऱ्यांना विचारलं, कोण किती बोललं? आवाज एक पुरुषाचा आणि एक बाईचा असला की बाईच जास्त बोलली असं लोकांना वाटे, आणि असं वाटणाऱ्यांत बायकाही होत्या. बाईच्या तोंडी 'बायकी' वाटणारे संवाद आले की हा अंदाज आणखी फुगायचा. बोलण्याच्या वेगाचा अंदाज चुकणं हे याचं एक कारण असू शकतं. दुसरं, बाईने किती बोलावं याचं आपल्या डोक्यात आधीच बसलेलं माप. या दुसऱ्या कारणाने मी जास्त अस्वस्थ होते. माप मुळातच लहान असेल, तर थोडं बोलणंही भांड्यातून उतू जाणार.

म्हणून सिनेमावर वाद घालण्याआधी मोजावं, असं मला मनापासून वाटतं. मोजणारे आहेतही. इथे देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१९ सालचे २५ गल्लाभरू हिंदी सिनेमे आणि २०१२ ते २०१९ मधले १० स्त्रीकेंद्री सिनेमे तपासले. त्यांतली ७२ टक्के पात्रं पुरुष निघाली, २६ टक्के स्त्रिया. जोडीला मुद्दाम निवडलेले स्त्रीकेंद्री सिनेमे असूनही ही गत!

सबटायटल्स संगणकाला वाचायला देऊनही बरंच काही हाती लागतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सत्तर वर्षांतल्या ७०० हिंदी सिनेमांची सबटायटल्स अशी तपासली. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या सिनेमांत जन्माला आलेल्या बाळांपैकी ७४ टक्के मुलगे होते. अलीकडच्या सिनेमांत हे प्रमाण ५४ टक्क्यांवर आलं. पडद्यावरच्या पाळण्यातसुद्धा मुलीला जागा मिळायला इतकी वर्षं लागली.

ओंकारने मात्र एक रास्त शंका काढली. "मावशी, दोन वाक्यं बोलून सिनेमा फिरवणारी असू शकते ना? नुसती मिनिटं मोजून काय कळणार?"

मिनिटांच्या पलीकडे जाणाऱ्या दोन पद्धती मला फार आवडतात. पहिलीत पात्रांचं जाळं विणतात. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे हजार पटकथा घेऊन कोण कोणाशी बोलतं त्याच्या रेघा जोडल्या, आणि एकेक पात्र पुसून बघितलं. हे आपल्या लोकलच्या नकाशासारखं आहे. करी रोडला गाडी थांबली नाही, तर ती परळहून सरळ चिंचपोकळीला जाईल. दादर पुसलं तर पश्चिम आणि मध्य रेल्वेची मोठी गाठच सुटेल. या पटकथांमधली बायकांची पात्रं बहुतेक वेळा करी रोड निघाली: पुसली तरी जाळं फारसं विस्कटलं नाही. अपवाद भयपटांचा. तिथे बाई जाळ्याच्या मध्यावर असते, पण संशोधकांच्या मते त्याचं कारण तिला बळी म्हणून दाखवतात हे आहे. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

दुसरी पद्धत क्रियापदांची, आणि माझ्या मते सर्वांत तीक्ष्ण. २०१७ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चमूने जवळजवळ ८०० पटकथांमधल्या क्रियापदांना दोन कसोट्या लावल्या. एक सत्तेची: 'फर्मावतो' म्हटलं की बोलणारा वरचढ, 'विनवतो' म्हटलं की समोरचा. दुसरी कर्तेपणाची: 'शोधून काढते' यात ती स्वतः काही घडवते, 'वाट बघते' यात तिच्याबाबतीत काही घडायचं असतं. बायकांच्या वाट्याला दोन्ही बाबतींत कमी वजनाची क्रियापदं आली होती. पुरुष पात्रं जास्त हुकूम सोडत होती, स्त्रिया 'कदाचित'सारख्या शब्दांनी वाक्य मऊ करत होत्या. 'फ्रोझन'मधल्या दोन बहिणींतली एल्सा दोन्ही कसोट्यांवर वर राहिली, पण ॲनाची सत्ता १९५० सालच्या सिंड्रेलाइतकीच कमी भरली. एकाच सिनेमात, एकाच घरात! 'स्त्रीप्रधान सिनेमा' एवढा शिक्का पुरेसा नाही, तो यामुळेच.

हे ऐकल्यापासून आमच्या घरी एक वही झाली आहे. सिनेमा बघून आलं की हिरो आणि हिरॉईन असे दोन रकाने आखायचे आणि आठवतील ती क्रियापदं लिहायची. परवाच्या सिनेमाला हिरॉईनच्या रकान्यात ओंकारने लिहिलं: वळून बघते, हसते, रडते, धावत येते, थांबवते.

सईने 'थांबवते'वर बोट ठेवलं. "कोणाला थांबवते?"

"त्याला. तो लढायला निघतो तेव्हा नाही का, 'जाऊ नकोस' म्हणते?"

"मग तो थांबतो का?"

ओंकार क्षणभर आठवत राहिला. मग त्याने तो शब्द खोडला आणि शेजारी लिहिलं, 'थांबवू बघते'.