टाटा की अदानी? मुंबईत लाईटवाला निवडता येतो त्यामागची जुनी गोष्ट

मे महिन्यात साताऱ्याहून मामेभाऊ आला होता. एसी लावून गप्पा मारत बसलेलो, टेबलावर त्या महिन्याचं लाईटबिल पडलेलं, ते उचलून म्हणाला, "दादा, बिलावर एका कंपनीचं नाव आणि खाली जिन्याखाली केबलच्या डब्यावर दुसरीचं, हे काय प्रकरण आहे?" त्याच्याकडे महावितरण, संपला विषय. मी म्हटलं अरे इथे कंपनी निवडता येते, वायर एकाची, वीज दुसऱ्याची. त्याला ती थापच वाटली. देशात बाकी जवळपास कुठेच घरगुती ग्राहकाला असं करता येत नाही, त्यामुळे त्याचंही चूक नाही. पण ही सोय कुणी ठरवून, लोकांचा विचार करून वगैरे दिलेली नाहीये, ती जुन्या भांडणातून आलीय. बिल का वाढतं आणि कंपनी बदलली तरी फारसं का उतरत नाही तेसुद्धा त्या भांडणातच आहे.

सुरुवात ट्रामपासून. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी १९०५ ची, १९०७ मध्ये तिने मुंबईत विजेवरची ट्राम चालवली, आणि ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या बरोब्बर आठ दिवस आधी, ती पालिकेकडे आली. तीच आपली बेस्ट. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज तिची. बस आणि लाईट एकाच दुकानात असल्यामुळे मधली काही वर्षं बसचा तोटासुद्धा वीजबिलातून वसूल व्हायचा, म्हणजे जो माणूस आयुष्यात बसमध्ये चढला नाही तोही पंखा लावून बसला की तिकीट काढत होता :)

दुसरीकडे टाटा. लोणावळ्याकडचं पावसाचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून वीज करायची ही जमशेटजींची कल्पना, ते १९०४ मध्ये गेले आणि खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये चालू झालं. मग भिवपुरी १९२२, भिरा १९२७. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधायचं होतं, त्यात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह तो हाच. मुंबईची स्वस्त वीज म्हणतो ना आपण, ती काही सगळ्यांनाच स्वस्त पडलेली नाही. असो. ही वीज गेली मुख्यतः गिरण्यांना आणि रेल्वेला, घरोघरी मीटर लावत बसणं हा टाटांचा धंदा नव्हता, ते ठोक विकायचे, बेस्टलाही तेच द्यायचे.

आणि उपनगरात बीएसईएस, म्हणजे बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, १९२९ ची. अंधेरी-गोरेगावकडचे जुने लोक अजूनही "बीएसईएसचं बिल आलं का" असंच विचारतात, मधे किती पाट्या बदलल्या त्याचं त्यांना काही नाही. २००३ मध्ये ती रिलायन्सकडे गेली, आधी रिलायन्स एनर्जी, मग रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर, आणि ऑगस्ट २०१८ पासून अदानी. तेव्हा ग्राहक होते साधारण ३० लाख. डहाणूला त्यांचं ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र होतं, पण उपनगरं वाढत गेली तशी ती वीज पुरेना, बाकीची बाहेरून घ्यावी लागायची आणि बाहेरची महाग. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं इथूनच निघतं.

तर २००३ मध्ये नवा वीज कायदा आला. एकाच भागात एकापेक्षा जास्त परवानेधारक असू शकतात हे त्यात स्पष्ट लिहिलेलं. टाटा म्हणाले आम्हाला उपनगरात घरोघरी वीज द्यायचीय, रिलायन्स म्हणाली तुमचा परवाना ठोक विक्रीचा, किरकोळ ग्राहकाला हात लावायचा नाही. भांडण राज्याच्या वीज नियामक आयोगाकडून (विजेचे दर तोच ठरवतो) अपिलात, तिथून सुप्रीम कोर्टात. आणि तिथे कीस कशाचा पडला, तर इंग्रजांच्या काळातल्या जुन्या परवान्यांचा, त्यातला पहिला १९०७ चा! शंभर वर्षांपूर्वी कुठल्यातरी साहेबाने लिहिलेली कलमं काढून वाचली गेली आणि जुलै २००८ मध्ये कोर्टाने सांगितलं की टाटा लहान ग्राहकालाही वीज देऊ शकतात. म्हणजे गोरेगावच्या वन-रूम-किचनवाल्याला पर्याय मिळाला तो १९०७ च्या कागदामुळे.

पण वीज द्यायची कशातून? टाटांच्या केबल उपनगरात गल्लीगल्लीत नव्हत्या. मग १५ ऑक्टोबर २००९ ला महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने अंतरिम आदेश काढला की टाटांनी रिलायन्सच्याच तारांवरून वीज द्यावी आणि तारांचं भाडं भरावं. याला नाव पडलं चेंजओव्हर. तार तीच, बिल दुसऱ्याचं. नवी तार टाकून बदललं तर तो स्विचओव्हर. माझ्या मामेभावाला जी दोन नावं दिसली ती चेंजओव्हरमुळे. लोकांना अजून वाटतं की कंपनी बदलली की लाईट कमी जाईल, तर नाही हो, खड्डा खणताना केबल तुटली की दोघांच्याही ग्राहकांकडे अंधार, आणि दुरुस्तीला येणार तो तारवाल्याचाच माणूस.

तेव्हा टाटांचा दर खरंच कमी होता. घाटातली तीन जलविद्युत केंद्रं मिळून ४४७ मेगावॅट, भांडवल केव्हाच वसूल झालेलं, पाणी फुकट. त्यामुळे सोसायट्यांमध्ये फॉर्मचे गठ्ठे फिरायला लागले, आमच्याकडे सेक्रेटरी रविवारी सकाळी खुर्ची टाकून गेटवर बसायचे आणि दूध आणायला निघालेल्या माणसाला पकडून सही घ्यायचे. जास्त वीज वापरणारे, दुकानं, ऑफिसं सगळ्यात आधी निघाले.

आणि इथेच गोची झाली. आपल्याकडे दर असे लावलेले असतात की जास्त वापरणारा खर्चापेक्षा जास्त देतो आणि कमी वापरणारा कमी, याला क्रॉस सबसिडी म्हणतात. मोठे गिऱ्हाईक निघून गेले तर मागे राहिलेल्या चाळीतल्या लोकांचा भार कोण उचलणार? म्हणून २०११ मध्ये आयोगाने सोडून जाणाऱ्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला, वर वहन आकार (म्हणजे तेच तारांचं भाडं) होताच. पुढे आधीच्या वर्षांची थकलेली वसुलीसुद्धा आली, कारण दरवाढ त्या त्या वेळी थांबवून ठेवली होती आणि थांबवलेली दरवाढ कुठे जात नाही, व्याज लावून परत येते. २०१२ मध्ये तर टाटांना आदेश निघाला की काही काळ महिन्याला ३०० युनिटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनाच चेंजओव्हर करून घ्या, फक्त मलई खाऊ नका. माझ्या मते हा आदेश रास्त होता, पण परिणाम असा की जो फरक बघून लोक पळाले तो फरकच बराचसा आटला. म्हणून आज कुणी "अमुक कंपनी स्वस्त" म्हणाला की मी विचारतो, किती युनिटला? कारण १०० युनिटवाल्याचं उत्तर वेगळं आणि ४०० वाल्याचं वेगळं, आणि नुसता वीज आकार बघून काही कळत नाही, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन धरून एकूण बघावं लागतं.

बिल अचानक उड्या मारतं ते पण याच ओळींमुळे. दर टप्प्याटप्प्याने चढतो, १०० पर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, मग आणखी वर. एसी लागला की वरची युनिटं महागड्या टप्प्यात पडतात, त्यामुळे वापर दीडपट झाला तर बिल त्याहून जास्त पटीनं वाढतं. कोळसा महागला की इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्या बेरजेवर सरकारचं १६ टक्के वीज शुल्क. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे रीडिंग बंद होतं, थंडीच्या महिन्यांची सरासरी धरून बिलं गेली, १ एप्रिलपासून दरही नवे होते, आणि जूनमध्ये खरं रीडिंग आलं तेव्हा उन्हाळ्याचा सगळा फरक एकदम अंगावर पडला. लोक चिडणारच.

बाकी महाराष्ट्राचं गाडं वेगळ्या वाटेनं गेलं. तिथे १९६० पासून एकच बोर्ड, एमएसईबी. तिचं कंबरडं मोडलं त्याला बरीच कारणं आहेत पण एन्रॉन, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प, सगळ्यांना आठवतं. १९९३ चा करार, १९९५ मध्ये रद्द, १९९६ मध्ये परत नवा, ज्या युतीवाल्यांनी प्रकल्प समुद्रात बुडवायची भाषा केली त्यांच्याच काळात. १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली, नाफ्त्यावरची, एका टप्प्यावर युनिट सात रुपयांच्या वर गेलं, आणि २००१ मध्ये बोर्डाने घेणं बंद केलं. पुढची काही वर्षं मुंबई सोडून सगळीकडे भारनियमन. साताऱ्याकडे आजोळी रात्री जेवताना कंदील जवळच ठेवलेला असायचा आणि मुंबईहून आलेले आम्ही तो बघून खूष. जून २००५ मध्ये बोर्डाचे तुकडे झाले, महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. शेतीपंपांची वीज स्वस्त, त्याची भरपाई उद्योगांकडून आणि जास्त वापरणाऱ्या घरांकडून, हे गणित मात्र तसंच पुढे चालू राहिलं.

आता तिथेही पर्याय यायची चर्चा आहे. २०२२ मध्ये केंद्राने वीज कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, एकाच जाळ्यावरून अनेक कंपन्यांना वीज विकू द्यायची, ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं. त्याच वर्षी अदानीने नवी मुंबईकडच्या भागासाठी समांतर परवाना मागितला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले, ७२ तासांचा संप त्याच दिवशी सरकारशी बोलणी होऊन मिटला. त्यांचं म्हणणं काय होतं, तर चांगली गिऱ्हाईकं खाजगीवाले नेतील आणि गडचिरोलीचा खांब आमच्या गळ्यात. म्हणजे २०११ चा उपनगरातलाच वाद, फक्त राज्याएवढा.

आणि हो, मुंबईत सगळ्यांना निवड आहे हेही खरं नाही. भांडुप-मुलुंड महावितरणकडे. बेस्टच्या हद्दीत टाटांना वीज द्यायला २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हो म्हटलं, पण बेस्टच्या तारा वापरता येत नाहीत, स्वतःचं जाळं टाकायचं, आणि गिरगावातल्या गल्लीत नवी केबल टाकणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच विचारा. मामेभावाला हे सगळं सांगून होईस्तोवर चहा दोनदा झाला, मग त्याने त्याचं महावितरणचं बिल मोबाईलवर उघडलं आणि आम्ही दोन्ही शेजारी ठेवून वहन आकाराची ओळ शोधायला लागलो. त्याच्या बिलातही होती. तो म्हणाला, "च्यायला, आम्हाला निवड नाही तरी तारेचं भाडं आहेच की."