पीएलसीत पाच सेकंद लिहायचे कसे? थोडी पार्श्वभूमी

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत जुनं मशीन नव्या पीएलसीवर (मशीन चालवणारा प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) घ्यायचं काम निघालं की वायरिंग होऊन जातं पण टायमरपाशी गाडी अडते. जुन्या प्रोग्रॅममध्ये नुसतं के५० लिहिलेलं असतं, आता हे ५० म्हणजे किती? मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेच्या पीएलसीत टी० ते टी१९९ हे टायमर १०० मिलिसेकंदवाले, म्हणजे टी० ला के५० दिलं की ५ सेकंद, आणि टी२०० पासून १० मिलिसेकंदवाले सुरू, तिथं तेच के५० अर्धा सेकंद! के म्हणजे फक्त साधा दशमान आकडा, हेक्स म्हणजे सोळाच्या पायाचा असेल तर एच, बाकी एकक टायमरच्या नंबरावरून ओळखायचं.

अशा एककाविना आकड्याचं मूळ रिले (विजेवर चालणारे स्विच) पॅनलमध्ये आहे. १९६९ चा मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी आला तोच रिले काढून टाकायला, आणि पुढे टायमरची वेळ पॅनलवरच्या थंबव्हील स्विचने (बोटाने फिरवायची अंकांची चाकं) द्यायची पद्धत पडली. एक चाक म्हणजे एक अंक, चार बिट, म्हणजे बीसीडी (प्रत्येक दशमान अंक वेगळा बायनरीत). सीमेन्सच्या एस५ या जुन्या पीएलसीत हे अगदी उघड दिसतं. तिथं ५ सेकंद म्हणजे केटी ०५०.१, आणि नवीन पोरं तो पॉइंट बघून दशांश समजतात, पण त्यामागचा अंक टाइम बेसचा, म्हणजे आकड्यातला एक किती वेळाचा याचा कोड आहे, ० म्हणजे ०.०१ सेकंद, १ म्हणजे ०.१, २ म्हणजे १ आणि ३ म्हणजे १० सेकंद. म्हणून ५०० पॉइंट ०, ०५० पॉइंट १ आणि ००५ पॉइंट २ तिन्ही पाचच सेकंद, फक्त शेवटच्यात चूक एका सेकंदापर्यंत जाऊ शकते, त्यामुळे जाणकार माणूस ५०० वालंच लिहितो. तीनच अंक, म्हणून जास्तीत जास्त ९९९० सेकंद, २ तास ४६ मिनिटं ३० सेकंद. सीमेन्सच्याच पुढच्या एस७-३०० मध्ये लिहायची तऱ्हा सुधारली, एस५टी#५एस असं आलं, बेस सॉफ्टवेअर स्वतः निवडतं, पण आतला १६ बिटचा शब्द तोच असल्याने मर्यादाही तीच राहिली.

पीएलसीच्या भाषांसाठीच्या १९९३ च्या आयईसी या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डने एकक थेट कॉन्स्टंटमध्येच (प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या ठरावीक आकड्यात) आणलं. टी#५एस, टी#१एच३०एम, वाचलं की कळलं. सगळ्यात मोठं एकक ओसंडलं तरी चालतं, टी#९०एम बरोबर, पण टी#१एच९०एम नाही. आकड्यांचंही तसंच, १६#एफएफ, २#१०१०, मधे वाचायला सोपं जावं म्हणून अंडरस्कोअर. हॅशची ही ढब १९८३ च्या एडा भाषेत होतीच, तिथं शेवटी आणखी एक हॅश लागायचा. सीमेन्सचा टाइम प्रकार ३२ बिट मिलिसेकंदांचा, त्यामुळे तो २४ दिवसांच्या थोडा पुढे जातो. आयईसी स्टँडर्डच्या २०१३ च्या आवृत्तीत ६४ बिटचा एलटाइम आला, थेट नॅनोसेकंदांत, आपल्या पॅकिंग मशीनच्या सीलिंग हीटरला त्याचं काय करायचं देव जाणे.

प्रोग्रॅम नवा झाला तरी स्क्रीनवर मात्र शेठना जुनाच आकडा हवा असतो, कारण ऑपरेटर वर्षानुवर्षं ५० टाकत आलाय, मग आत १०० ने गुणून मिलिसेकंद करायची एक ओळ टाकावीच लागते.