गोव्यातील ग्रामीण प्राथमिक शिक्षण आणि सेवाभावी संस्था

गोव्याच्या खेड्यापाड्यांत पहिली ते चौथीचे शिक्षण पोचवण्यात लोकवर्गणीवर व देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांचा वाटा मोठा आहे. येथे मराठी शाळा आधी समाजाने उभी केली, सरकार मागाहून आले.

पोर्तुगीज अमदानीत सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेतून मिळे. मराठी शिकायचे तर देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागेत) किंवा एखाद्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, ओसरीवर शेणैमामांची, म्हणजे गावच्या मास्तरांची, शाळा भरे. मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवत, पाढे सामुदायिक म्हणत. मास्तरांच्या पोटापाण्याची सोय गावकरी करत. ख्रिस्ती वस्त्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून धर्मशिक्षणाबरोबर संगीतही शिकवले जाई. पणजीची मुष्टिफंड संस्था घरोघरी बाजूला काढलेल्या मूठमूठ तांदळावर उभी राहिली. श्रीमंताच्या एका देणगीपेक्षा या तांदळाचे मोल अधिक मानले पाहिजे, कारण त्यामुळे शाळा प्रत्येक चुलीची झाली. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले आणि संस्था काढण्याला जोर चढला. फोंड्याचे गोवा विद्याप्रसारक मंडळ १९११ चे.

१९६१ च्या मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या बहुतेक मराठी माध्यमाच्या. पुढचा मोठा बदल अनुदानाने घडवला. १९९० पासून प्राथमिक स्तरावर फक्त मराठी-कोकणी माध्यमाला अनुदान मिळू लागले, तेव्हा चर्चच्या अनेक शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले. २०११ नंतर इंग्रजीकडे वळलेल्या शाळांनाही अनुदान मिळू लागल्यावर मातृभाषेसाठी तीव्र आंदोलन झाले.

सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतल्या वाड्यांवर आज पटसंख्या हाच कळीचा प्रश्न आहे. चारही वर्ग एकाच खोलीत आणि शिक्षक एक. अनुदानित संस्थांच्या शाळांना सरकारने 'बालरथ' बसगाड्या दिल्या. दूरच्या मुलांची पायपीट वाचली. पण तीच गाडी वाडीवरची मुले दुसरीकडे नेते आणि तिथली सरकारी शाळा ओस पडते, हेही नोंदवायला हवे. बंद पडलेल्या काही शाळांच्या इमारती सामाजिक संस्थांना वापरायला दिल्या गेल्या आहेत.

माध्यान्ह आहाराची पातळ भाजी व पाव महिलांचे स्वयंसाहाय्य गट पोचवतात. जूनमध्ये वह्या-दप्तरे वाटणाऱ्या संस्था पुष्कळ. त्या मदतीने पालकांचा खर्च हलका होतो, शिकवणे मात्र होते तिथेच राहते. पणजीच्या 'बुकवर्म' संस्थेचे काम या दृष्टीने अधिक मोलाचे वाटते. तिचे कार्यकर्ते शाळांत ठरलेल्या वेळी येतात, मुलांना भोवती बसवून गोष्ट मोठ्याने वाचून दाखवतात, चित्रांवर बोलतात आणि मुलांना आवडीचे पुस्तक घरी नेऊ देतात. एकशिक्षकी शाळेत तेवढा वेळ वर्गात आणखी एक जाणते माणूस असते, आणि अशा शाळेची खरी गरज तीच आहे.