भाज्यांचे वाण: आकडा तोच, यादी निराळी

'विसाव्या शतकात भाज्यांचे ९३ टक्के वाण नष्ट झाले' हे विधान इतक्या ठिकाणी उद्धृत होते की, ते मुळात कशाच्या आधारे केले गेले हे तपासण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

अमेरिकेतील बियाणे-विक्रेते १९०१-०२ मध्ये आपल्या सूचीपत्रांतून कोणते वाण विकत होते, याची डब्ल्यू. डब्ल्यू. ट्रेसी यांनी केलेली यादी तेथील कृषी खात्याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केली. 'रुरल ॲडव्हान्समेंट फंड इंटरनॅशनल' या संस्थेने १९८३ मध्ये ती यादी सरकारी बियाणे-संग्रहाशी ताडून पाहिली, तेव्हा कोबीच्या ५४४ नावांपैकी २८ आणि लेट्यूसच्या ४९७ पैकी ३६ एवढीच नावे तिथे आढळली. तुलना झाली ती दुकानातील मालाची कोठारातील पाकिटांशी; कोठारात नसलेला वाण एखाद्याच्या परसात सुखाने वाढत असू शकतो, ही शक्यता यातून निघालेल्या ९३ टक्क्यांत कुठेच धरलेली नव्हती.

पॉल हील्ड आणि सुझॅना चॅपमन या संशोधकांनी पुढे सूचीपत्रांची गाठ सूचीपत्रांशीच घातली. ४८ पिकांचे १९०३ च्या यादीत ७,२६२ वाण होते, तर २००४ च्या सूचीपत्रांत सुमारे ७,१००. म्हणजे घट जेमतेम दोन टक्क्यांची. मात्र जुन्यांपैकी त्याच नावाने टिकलेले वाण केवळ ४३० होते. वैविध्य संपले म्हणणारे ९३ टक्क्यांचा आकडा पुढे करतात, काही बिघडले नाही म्हणणारे दोन टक्क्यांचा. माझ्या मते या ४३० कडे दोन्ही बाजूंनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. शिवाय एकच वाण अनेक विक्रेते आपापल्या नावाने विकत, आणि ज्या घरगुती वाणांना नावच नव्हते ते १९०३ च्या यादीतही आले नव्हते.

जुने मागे पडले त्याला बाजाराची निवड कारणीभूत होती, तशीच संकरित बियाण्यांची सोयही. संकरिताचे बी धरून पेरले तर पुढची पिढी एकसारखी येत नाही, त्यामुळे बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते. टोमॅटोचे उदाहरण बोलके आहे. देठाजवळचा गडद हिरवा पट्टा न दिसता फळ सारखे पिकावे म्हणून पैदासकारांनी एक गुण अनेक दशके निवडला. त्या निवडीत फळातील हरितद्रव्य आणि साखर वाढवणारे जनुकच निकामी झाले होते, हे २०१२ मध्ये उघड झाले.

हौशी संग्राहकांनी जुने वाण पुन्हा चलनात आणले हे खरे. अमेरिकेत १९७५ मध्ये सुरू झालेले 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' त्यांतलेच. पण घेवड्यासारख्या, बहुतांशी स्वपरागी (स्वतःच्याच परागकणांनी फळणाऱ्या) पिकाचे बी धरणे आणि कोबीचे बी धरणे यांत फार अंतर आहे. कोबीला फुले येतात ती थंडी सोसून, बहुधा दुसऱ्या वर्षी. जवळपास फ्लॉवर किंवा ब्रोकोली फुलावर असेल तर कीटक परागकण सहज इकडून तिकडे नेतात, आणि मोजक्याच झाडांचे बी घेतले तर पुढच्या पिढ्या खुरटत जातात. बियाणे-संग्रहातले बीही कायम जिवंत राहत नाही, ठरावीक काळाने ते पेरून नव्याने धरावेच लागते. त्यात हयगय झाली तर पाकिटावरचे नाव तेच राहते, आत मात्र निराळाच कोबी असतो, आणि मोजणीत तो वाण सुरक्षित म्हणूनच धरला जातो.