हाताला धरून शिकवणारे: हौशी लेझर कारागिरांच्या दिलदारपणाची पार्श्वभूमी

घरच्या टेबलावर पहिल्यांदाच लेझर डायोड, म्हणजे लेझरचा झोत देणारा चिमुकला विजेचा भाग, पेटवायला निघालेला माणूस एखाद्या जाणत्याकडे मदत मागतो, तेव्हा तिकडून उत्तराआधी प्रश्न येतात. डोळ्यांना लेझर अडवणारा चष्मा आहे का? कुठल्या तरंगलांबीचा? मग ड्रायव्हरचे, म्हणजे डायोडला ठराविक करंट पुरवणारे, सर्किट बघायला मागितले जाते आणि सांगितले जाते की लेझर डायोड अजून जोडूच नका. त्याच्या जागी तीन-चार साधे डायोड आणि एक ओहमचा रेझिस्टर एकापुढे एक लावा, रेझिस्टरच्या दोन टोकांना मल्टिमीटर धरा. जितके मिलिव्होल्ट दिसतील, तितके मिलिअँपिअर वाहताहेत. आकडा बरोबर आला की सर्किट बंद करा, त्यातला वीज साठवणारा कपॅसिटर रिकामा करा, आणि मगच खरा डायोड सोल्डर करा.

माझा पहिला डायोड हा क्रम माहीत नसल्यामुळे गेला. ड्रायव्हर चालू ठेवूनच मी डायोड टेकवला. भरलेल्या कपॅसिटरने सगळा करंट त्यात एकदम ओतला आणि लाल झोताऐवजी साध्या एलईडीसारखा फिकट उजेड उरला. दुसरा घ्यायला पुण्याच्या तापकीर गल्लीत गेलो, तर दुकानदार म्हणाले, “अहो, आधीचा कसा गेला ते सांगा आधी.” त्यांनी सगळे ऐकून घेतले, बिलाच्या कोऱ्या बाजूवर चाचणीचे सर्किट काढून दिले आणि पैसे घेतले ते फक्त डायोडचे. तेव्हा मला ते अपवाद वाटले होते. या छंदाचा इतिहास वाचत गेलो तसे कळले, की ते एका जुन्या रिवाजातले होते.

या रिवाजाचे एक मूळ हौशी रेडिओवाल्यांत, म्हणजे छंद म्हणून बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांत, सापडते. १९१४ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांचा संदेश जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला पोहोचेना. वाटेवरच्या एका हौशी रेडिओवाल्याने तो ऐकून पुढे पाठवला, तेव्हा काम झाले. या अनुभवातून त्याच वर्षी मॅक्सिम यांनी हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभी केली. तिच्या नावातच ‘रिले’, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे पुढे पोहोचवणे, हा शब्द आहे. दुसऱ्याचे काम पुढे नेल्याशिवाय आपलेही पुढे जात नाही, हे त्या तंत्रातच होते. पुढे नवख्याला अँटेना बांधण्यापासून परवान्याच्या परीक्षेपर्यंत सोबत करणाऱ्या जुन्या माणसाला तिकडे ‘एल्मर’ म्हणू लागले. एल्मर फ्रोहार्ट नावाच्या अशाच एका शिकवणाऱ्यावरून १९७१ साली संघटनेच्या मासिकात हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे त्याला सरळ गुरू म्हटले असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे जादा सामान बाजारात आले. न्यूयॉर्कच्या कोर्टलँड स्ट्रीटवरच्या ‘रेडिओ रो’मध्ये व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि मीटर स्वस्तात मिळू लागले. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आठवावा, असाच तो बाजार. वापरलेल्या सामानाबरोबर माहितीपुस्तक मिळत नाही. ते कसे वापरायचे हे आधी वापरलेल्या माणसालाच विचारावे लागते.

लेझर आला तो याच लोकांच्या हातात. १६ मे १९६० रोजी थिओडोर मायमन यांनी कॅलिफोर्नियातल्या ह्यूजेस प्रयोगशाळेत माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर चालवला. त्याच वर्षी डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत हेलियम-निऑन या दोन वायूंचा लेझर झाला. आणि १९६४ साली, म्हणजे चारच वर्षांत, ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या हौशी वैज्ञानिकांच्या सदरात सी. एल. स्टाँग यांनी हेलियम-निऑन लेझर घरी कसा बांधायचा ते छापले. मला हे वर्ष फार महत्त्वाचे वाटते. प्रयोगशाळेतली नवलाई इतक्या लवकर घरातल्या टेबलापर्यंत आली, कारण कुणीतरी ती बांधून पाहिली आणि आपली रीत सगळ्यांसमोर ठेवली.

याच सदरात जून १९७४ मध्ये नायट्रोजन लेझर आला. आजही कित्येक जण आपला पहिला लेझर म्हणून हाच बांधतात, म्हणून इथे जरा थांबतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, त्यामुळे साधी हवाच कामाला येते. आरशांवाचूनही भागते. ॲल्युमिनियमच्या दोन सरळ धारा एकमेकींसमोर मिलिमीटरभर अंतरावर ठेवायच्या. खाली प्लॅस्टिकचा पातळ तक्ता आणि फॉइल यांचा सपाट कपॅसिटर, एका बाजूला ठिणगीची फट, आणि वर दहा-पंधरा हजार व्होल्ट. विजेचा लोट काही नॅनोसेकंदांत आरपार गेला पाहिजे. म्हणून लांब तारा चालत नाहीत, सगळे सपाट आणि जवळजवळ लागते. झोत ३३७ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील, डोळ्याला दिसत नाही. पण समोर पांढराशुभ्र कागद धरला, तर त्यातले चमकद्रव्य निळे उजळते. दोन धारा किंचित तिरक्या असल्या की ठिणग्या एकाच टोकाला जमतात आणि कागद काळोखात राहतो. किती तिरक्या चालतात, कुठले प्लॅस्टिक फुटते, ठिणगीची फट किती ठेवायची, हे मोजमाप ज्यांनी प्लॅस्टिक फोडून घेतले आहे त्यांच्याकडेच असते. आणि ते ही माहिती देतात. माझ्या मते या छंदातले सर्वांत मोलाचे दान हेच आहे: आपल्या फसलेल्या प्रयोगाचा नीट हिशेब.

२६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला. वाचणारा प्रकाश हेलियम-निऑन लेझरचा होता. पुढे अशी यंत्रे जुनी होऊन भंगारात आली आणि त्यांतल्या काचेच्या नळ्या छंदवाल्यांना मिळू लागल्या. नळी मिळे, पण तिला लागणारा हजारो व्होल्टचा पुरवठा घरी बांधावा लागे. १९९० च्या दशकात सॅम्युअल गोल्डवॉसर यांनी लेझरविषयीचे प्रश्न आणि उत्तरे एकत्र करायला घेतली. नळ्यांचे प्रकार, पुरवठ्याची सर्किटे, दुरुस्ती, धोके हे सगळे त्यात येत गेले आणि संग्रह वर्षानुवर्षे वाढला. तो कुणालाही फुकट वाचता येतो.

मग डायोडचे दिवस आले. डीव्हीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हमधून लाल, ब्लू-रेमधून जांभळा. २०१० च्या सुमारास कॅसिओच्या एका प्रोजेक्टरमध्ये ४४५ नॅनोमीटरचे, सुमारे एक-एक वॉटचे २४ निळे डायोड असल्याचे कळले. असा डायोड तेव्हा सुटा मिळत नव्हता आणि अख्खा प्रोजेक्टर एकट्याला परवडत नव्हता. म्हणून एकाने विकत घेऊन उघडायचा आणि डायोड वाटून घ्यायचे, असे सुरू झाले. ज्याच्या हाती डायोड पडला, त्याच्याबरोबर किती करंट द्यायचा हेही गेले. एक वॉटचा झोत डोळ्यावर पडला तर सावरायला वेळ मिळत नाही. तेव्हा डायोड देणाऱ्यावर सांगण्याची जबाबदारी आलीच.

महाराष्ट्रात या सगळ्याला जागा मिळाली ती शिरूर तालुक्यातल्या पाबळला. डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करत शिकण्यासाठी. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा; अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या बाहेरच्या अशा पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली तिथे उभी राहिली.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. २०१० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेने (निस्ट) स्वस्त हिरवे पॉइंटर तपासले. त्यांवर १० मिलिवॉट छापलेले होते. एकाचा हिरवा झोत मंद होता, पण त्यातून जवळजवळ २० मिलिवॉट अवरक्त प्रकाश बाहेर येत होता. डोळ्याला न दिसणारा, म्हणून पापणी न मिटवणारा. हिरवा झोत अडवणारा चष्मा तो अडवेलच असे नाही. निस्टने निष्कर्ष छापलाच, शिवाय घरी करता येईल अशी चाचणीही सांगितली. झोत सीडीवर पाडायचा, म्हणजे रंग वेगवेगळे होतात, आणि समोरचे चित्र दोनदा टिपायचे: एकदा साध्या कॅमेऱ्याने, एकदा अवरक्त गाळणी काढलेल्या वेबकॅमने. दुसऱ्या चित्रात जास्तीचे ठिपके दिसले, तर तो पॉइंटर बाजूला ठेवायचा. सीडी बहुतेक घरांत एखादी तरी पडलेली असते. वेबकॅमची गाळणी कशी काढायची, ते तापकीर गल्लीत विचारावे.