मोशे, दावीद, एलीया दिसायचे कसे? थोडी पार्श्वभूमी

ज्यूंच्या पूर्वजांना, म्हणजे इस्राएली लोकांना, मिसरमधून (इजिप्तमधून) बाहेर काढणारा मोशे गोरा होता की काळा यावरून लोक तावातावाने भांडतात आणि दोन्हीकडचे बायबलमधल्याच ओळी काढून दाखवतात, पण ज्यांनी ते लिहिलं त्यांना माणूस कुठल्या वंशाचा, बाप कोण, आजा कोण, देवाशी केलेला करार पाळतो की नाही एवढ्याशीच मतलब होता. मोशेचा चेहरा कुठेच वर्णन केलेला नाही. विहिरीवर त्याने ज्या मिद्यानी (शेजारच्या एका टोळीतल्या) मुलींना मदत केली त्या घरी जाऊन सांगतात की एका मिसरी माणसाने आम्हाला सोडवलं, बस. दावीद राजा 'अदमोनी' म्हणजे तांबूस, आता ते केस की कातडी यावर अभ्यासक अजून वाद घालतायत. पहिला राजा शौल सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच, संदेष्टा एलीया केसाळ आणि कमरेला चामड्याचा पट्टा, त्याच्या शिष्याला, अलीशाला, टक्कल. एवढंच.

आणि वंश तरी कुठे एकच होता? रूथ मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशाची, ती दावीदची पणजी. मोशेची बायको मिद्यानी, आणि एका ठिकाणी कूशी बायकोचा उल्लेख आहे, कूश म्हणजे मिसरच्या दक्षिणेला, आजच्या सुदानकडचा भाग, त्यावरून त्याच्या बहिणीने, मिर्यामने, नावं ठेवली तर तिच्याच अंगावर बर्फासारखं पांढरं कोड उठलं. यहेज्केल संदेष्टा तर यरुशलेमला तोंडावर सांगतो की तुझा बाप अमोरी आणि आई हित्ती, म्हणजे दोघंही परक्या लोकांतले. उत्खननातूनही साधारण हेच दिसतं, डोंगरातल्या सुरुवातीच्या इस्राएली वस्त्यांमधली मडकी कनानी, म्हणजे त्या देशात आधीपासून राहणाऱ्या लोकांच्या, मडक्यांसारखीच आणि हिब्रू ही भाषाच मुळात कनानी कुळातली, त्यामुळे बरेच अभ्यासक मानतात की हे लोक बऱ्याच अंशी तिथलेच. 'इस्राएल' हे नाव सगळ्यात आधी ज्यावर सापडतं असं बहुतेक मानतात तो मिसरच्या मर्नेप्ताह राजाचा शिलालेख इ.स.पू. १२०८च्या आसपासचा.

चित्रं मात्र आधी शत्रूंनी काढलीत. अश्शूरचा (असिरियाचा) राजा शल्मनेसर याच्या काळ्या स्तंभावर इस्राएलचा राजा येहू किंवा त्याचा दूत जमिनीला डोकं टेकवून बसलाय, दाढी, टोकदार टोपी. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचाच राजा सन्हेरीब याने लाखीश शहर जिंकलं, त्याची कोरीव दगडी चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यात बैलगाडीवर सामान लादून निघालेली कुटुंबं, आखूड कुरळी दाढी ठेवलेले पुरुष, डोक्यावरून पायापर्यंत शाल घेतलेल्या बाया. मला ती चित्रं बघताना गलबलून येतं, कारण राजे आणि संदेष्टे सोडून साधी माणसं समोर उभी राहतात. पण त्यावरून कातडीचा रंग काही कळत नाही.

रंगाबद्दल सगळ्यात स्पष्ट वाक्य मिळतं ते मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, म्हणजे साधारण इ.स. २०० च्या सुमारास. तिथे कोडाच्या डागाची परीक्षा कशी करायची याची चर्चा चाललीय, आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) इश्माएल म्हणतो की इस्राएलचे लोक बॉक्सवूडच्या लाकडासारखे, काळेही नाहीत गोरेही नाहीत, मधले. ते लाकूड पिवळसर असतं. मला हा पुरावा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण इथे कुणाला कुणाचा मोठेपणा सिद्ध करायचा नव्हता, फक्त त्वचेचा डाग ओळखायचा होता.

पुढे प्रत्येकाने आपापल्या घरचा मोशे काढला. सीरियातल्या दुरा-युरोपोसच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात), इ.स. २४५च्या आसपास, तो रोमन काळच्या झग्यात उभा आहे. मायकेलअँजेलोच्या मोशेला शिंगं आहेत, कारण जेरोमने केलेल्या बायबलच्या लॅटिन भाषांतरात 'चेहरा तेजाळला' याचं 'शिंगं आली' झालं. युरोपातला गोरा मोशे मिशनऱ्यांबरोबर जगभर गेला, आणि १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीयांनी मूळ इस्राएली आपणच असं म्हणायला सुरुवात केली, गुलामगिरी आणि गोऱ्या देवाची चित्रं दोन्ही सोसलेल्यांचं ते उत्तर होतं, ऐतिहासिक पुरावा त्याला नसला तरी त्यामागचं दुःख खरं होतं.

आपल्याकडे कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, लोकांचं नातं सगळ्यात जास्त एलीयाशी, ते त्याला एलियाहू हनाबी म्हणतात, त्याच्या नावाने पोहे, खोबरं, गूळ आणि फळांचा मलिदा करतात आणि तो अलिबागजवळच्या खंडाळ्यात येऊन गेला, तिथल्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं मानतात.